जुलै महिन्यातली आई

वसमतच्या स्टँडवर गाडी सुटायच्या बेताला आली, तरी आईनं खिडकीचा गज सोडला नव्हता. मी नर्सच्या नोकरीसाठी अमेरिकेला निघाले होते. "पोचलीस की फोन कर," एवढंच ती म्हणाली. माझ्या सगळ्या मैत्रिणी मागं उभ्या होत्या.

बऱ्याच वर्षांनी इथल्या नागरिकत्वाची परीक्षा द्यायचं ठरवलं. इतिहास पाठ करायचा होता. ड्यूटीवरून आले की मी आईला व्हिडिओ कॉल लावून वाचून दाखवायची. त्यातलं कितीतरी जुलैतच घडलेलं. सतराशे शहात्तरच्या जुलैत स्वातंत्र्याचा जाहीरनामा. एकोणीसशे एकोणसत्तरच्या जुलैत चंद्रावर माणूस.

"ते मला ठावं हाय," आई म्हणाली. "साळंत गुरुजीनं सांगितलं. म्या पळत घरी येऊन मायला सांगितलं, तर ती हसायलाच लागली."

गुलामीतून सुटलेल्यांना नागरिक मानणारी घटनादुरुस्तीही जुलैतलीच, अठराशे अडुसष्टची. ते तिनं मला पुन्हा वाचायला लावलं. आमचं बौद्ध घर. संविधानाची प्रत देव्हाऱ्याइतकी जपलेली. ती म्हणाली, "त्यांलाबी माणूस म्हणून कागदावर यावं लागलं, व्हय?"

परीक्षा पास झाले. शपथही जुलैतच आली. आपला भारताचा पासपोर्ट परत करावा लागणार, हे मी तिला शेवटी सांगितलं.

"मंग वसमतला येयाला तुला परवानगी लागंल?"

"लागेल, आई."

"सोताच्या घरला?"

हॉलमध्ये उजवा हात वर करून शपथ घेतली तेव्हा शब्द बराबर आले. शेजारची बाई आनंदानं रडत होती. मीही रडले; तिला वाटलं, तिच्यासारखंच.

चार जुलैला सुट्टी असते. सगळे फटाके बघायला जातात, मी आईला फोन लावते. इथली संध्याकाळ म्हणजे तिची सकाळ. यंदा तिनं विचारलं, "कशाचा आवाज येऊन राहिला?"

"त्यांचा स्वातंत्र्यदिन आहे."

"त्यांचा काहून? तुमचा म्हण."

"आमचा," मी म्हणाले. ती विळीवर भेंडी चिरत होती, त्याचा कचकच आवाज येत होता. बोलणं संपलं तरी दोघींनी फोन ठेवला नाही. माझं घर आता तेवढंच आहे, फोनमधून ऐकू येईल तेवढं.