ताम्हनातलं हृदय

आमच्या विज्ञानाच्या बाई कोणाला "कशी आहेस?" असं विचारत नसत. सरळ मनगट धरत, डोळे घड्याळावर लावत आणि अर्ध्या मिनिटाने म्हणत, "धावत आलीस. बस आधी." एकोणीसशे साठच्या आसपास अमरावतीच्या मुलींच्या शाळेत असा दुसरा नमुना नव्हता. तो आमच्या वाट्याला आला, याचा तोरा आम्ही गावभर मिरवत असू.

बाई भिक्षुकाची मुलगी. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, पूजा सांगायला जाणं बंद झालं होतं आणि घर बाईंच्या पगारावर चाललं होतं.

मी शेंदूरजनाघाटची, संत्र्याच्या बागेतली. शिकायला मावशीकडे राहिलेली. बाई मला म्हणत, "विहिरीचं पाणी शेवटच्या झाडापर्यंत जाते ना? रक्त तसंच जाते, पण ते परतही येते." हृदयाचं त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "उजवीकडचं शेजारी जाते, डावीकडचं गावोगावी." उजवा कप्पा रक्त शेजारच्या फुप्फुसांत ढकलतो, डावा पार पायाच्या अंगठ्यापर्यंत, म्हणून डावीकडची भिंत जाड. पुढे अकोल्याला नर्सिंग शिकताना हे मला कधी पाठ करावं लागलं नाही.

एकदा बाईंनी शिपायाकरवी बकऱ्याचं हृदय मागवलं. शाळेत ट्रे कुठला? बाईंनी घरून देवपूजेचं ताम्हन आणलं. महाधमनीत त्यांनी लोटीने पाणी ओतलं. झडप मिटली आणि पाणी वरच थबकलं. सुरुवातीला डोळे झाकून बसलेल्या पोरी शेवटी ताम्हनावर ओणवल्या होत्या.

ही बातमी मावशीला मीच फुशारकीने सांगितली. तिने ती शाळेच्या सेक्रेटरींच्या घरी पोचवली. मग काय, गावभर बोभाटा! माझं तोंड एवढंसं झालं.

सेक्रेटरी वकील होते. लेखी माफी द्या, नाहीतर राजीनामा, असं त्यांनी बजावलं. बाई म्हणाल्या की विचारल्याशिवाय ताम्हन नेलं ही चूक झाली, तिची माफी अण्णांपाशी मागेन; धड्याची माफी मागणार नाही. तेव्हा सेक्रेटरींनी अण्णांनाच वर्गात बोलावलं. बाप असा संतापेल की प्रश्नच मिटेल, अशी त्यांची खात्री होती. आम्ही खिडक्यांना चिकटलो.

अण्णा काठी टेकत आले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताम्हन माझं आहे. चिंच लावली का साफ होते. तुमाले कावून त्रास?"

सेक्रेटरी काही बोलायच्या आत ते पहिल्या बाकावर बसलेसुद्धा. लेकीला जन्मभर 'पोरी' म्हणणारा हा माणूस फळ्याकडे बघून म्हणाला, "बाई, सांगा आता. अंगठ्यापर्यंत गेलेलं रक्त वर कसं येते?"

बाईंनी खडू उचलला. चालताना पोटऱ्या शिरांना दाबतात आणि शिरांमधल्या झडपा रक्ताला खाली उतरू देत नाहीत, हे त्यांनी चित्र काढून सांगितलं. माझा ऊर अभिमानाने भरून आला होता. सेक्रेटरींनी राजीनामा लिहून घ्यायला आणलेला कोरा कागद घडी करून खिशात घातला.

अण्णांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग काठीवर भार देऊन उठले आणि म्हणाले, "बरं शिकवता तुमी."