मुलींसाठी रिकामा साचा

शाहूपुरीतल्या ऑफिसात मी कंपन्यांचे कॅटलॉग मांडून देते. म्हणून मुरगूडच्या आमच्या भावकीच्या वंशावळीचं पुस्तक माझ्याच गळ्यात पडलं. थोरल्या काकांनी फोनवर फर्मावलं, "फकस्त पोरं घ्यायची. पोरी दिल्या घरच्या." मीही पोरगीच, हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. धाकट्या आत्याचा मात्र रोज फोन, "माझं नाव येतंय न्हवं?" माहेरच्या पुस्तकात आपण असावं, एवढंच तिला हवं होतं.

नावं मी सगळ्यांची भरली, मुलगा की मुलगी अशी खूण लावून. ती पानावर मांडायला एक्सएसएलटी नावाची भाषा आहे. तिच्यात साचे लिहायचे. मी एकच लिहिला: 'मुलगा' ही खूण दिसली की नवी ओळ, ठळक नाव, आणि त्याच्या पोटी जे असतील त्यांनाही हाच साचा. पणजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत साचा स्वतःलाच हाका मारत जातो. मी मूळची आळशी, त्यामुळे ही भाषा मला फार आवडते.

रविवारी काका आणि आत्या नमुना बघायला घरी आले. मुलींसाठी साचाच नाही, म्हणजे काकांच्या हुकमाप्रमाणे त्या गळतील, असं मी धरून चालले होते. पण या भाषेची खोड अशी, की ज्याला साचा नाही त्याचा मजकूर ती तसाच ओतते आणि पुढे जाते. आत्याचे मुलगे ऐटीत एकाखाली एक. त्यांच्या आईचं नाव मात्र आधीच्या ओळीच्या शेपटाला बारीक अक्षरात चिकटलेलं.

आत्यानं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "पोरं माझी वळीनं बसली, आन् मी सांडलो व्हय गं?"

मला ते फार लागलं.

काका म्हणाले, "पुसून टाक की ती नावं."

"पुसायची तर मुलींसाठी वेगळा साचा लिहावा लागेल, आत काहीच नसलेला. मग तुमची लेक, तिची पोरं, मी, सगळेच जाऊ."

"आन् ठेवायच्या तर?"

"आहे त्याच साच्यावर 'किंवा मुलगी' एवढं लिहायचं."

काकांनी पानावर बोट फिरवत आपल्या लेकीचं नाव शोधलं. मग घसा खाकरून म्हणाले, "त्येच लिव्ह. काम कमी हाय."

मी लिहिलं. पान पुन्हा आलं, आणि त्यात काकांच्या बरोबरीनं, तेवढ्याच ठळक अक्षरात आत्या.

ती काकांना म्हणाली, "सरक जरा दादा. मी आलो."

आणि काका खरंच सोफ्यावर बाजूला सरकले.