काचेखाली जाणारं बंदर

“समुद्र व्हय हा? मला वाटलं परळीचं राखेचं तळं.”

फ्रेमच्या दुकानात आपल्या नंबराची वाट बघत बसलेला म्हातारा स्वतःशीच बोलला. माझे कान गरम झाले, कारण माझ्या चित्रातला तो राखाडी रंग मी खरंच तिथूनच उचलला होता. समुद्र मी एकदाच पाहिलाय, कॉलेजच्या सहलीत. मासेमारीचं बंदर, खेटून उभ्या होड्या, धक्क्यावर पसरलेली जाळी. चित्र काढताना पाण्याचा रंग काही आठवेना, तेव्हा येताजाता दिसणारं, वीज केंद्राच्या राखेचं तळं कामी आलं.

दुकानदार चाचांनी कॅनव्हास काउंटरवर आडवा ठेवला. देव, लग्नातली जोडपी, गेलेली माणसं, सगळ्यांना ते काचेखाली बसवतात. त्यांच्याशी बोलत होते ते माझ्यासोबत आलेले पप्पाच. दुकानात नेहमी तेच बोलतात. आमची घरची बोली वेगळी; मी मराठीत वाक्य जुळवेपर्यंत माणूस पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलेला असतो. पप्पांनी सांगितलं, काच जाड टाका, घट्ट बसवा, आमच्याकडं धूळ लई.

चित्र तेलरंगातलं, आणि पूर्ण होऊन दहाच दिवस झालेले. होड्यांच्या कडांना मी सुरीने जाड रंग लावला होता. वरून कोरडा दिसायचा, पण सकाळी नखाने दाबून पाहिला तर आत मऊ. त्यावर काच दाबून मागून खिळे ठोकले की होड्या काचेलाच चिकटणार, त्या पुन्हा सुटणार नाहीत. हे घरीच सांगायला हवं होतं. पण माझं काहीतरी बैठकीत लावू, असं पप्पा पहिल्यांदाच म्हणाले होते. थांबा म्हटलं आणि त्यांचं मन बदललं तर?

चाचांनी माप घेतलं, काच कापली. मग त्यांनी फडका ओला करून पिळला. फोटोवरची धूळ पुसतात तसं ते हेही पुसणार होते. मी पप्पांकडे पाहिलं. ते म्हाताऱ्याला हा समुद्रच कसा आहे ते समजावत होते. “पोरीनं सोता काढलाय,” ते म्हणाले. म्हातारा मान डोलवत होता.

फडका होड्यांच्या वर वीतभर अंतरावर येऊन पोचला.

“चाचा, पुसू नका,” मी म्हणाले. आवाज वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. “रंग ओला आहे अजून. पप्पा, काच नकोच याला. आणि महिनाभर थांबावं लागेल.”