हाक गिळणारा खेळ

बाळांनो,

त्या डायनासोर मारायच्या गेमचा दुसरा भाग आला आहे आणि तो आजीसाठीही घ्यायचा का, असं तुम्ही दोघं विचारताय, असा तुमच्या बाबांचा परवा निरोप आला. नको, एवढं फोनवर सांगून भागलं असतं. पण मग तुम्ही का म्हणून विचारलं असतं, आणि फोनवर मला क्रमाने काही सांगता येत नाही. मध्येच तुमच्याकडे कुणीतरी नाश्त्याला बोलावतं, नाहीतर आमच्याकडे इस्त्रीवाला बेल वाजवतो. म्हणून लिहिते आहे. अडेल तिथे बाबांकडून वाचून घ्या. धाकटीला सुरुवात आठवणार नाही, तेव्हा पहिल्यापासून सांगते.

तुम्ही कॅनडात गेल्यावर दर रविवारी आपला व्हिडिओ कॉल असायचा. पहिल्या वर्षी तो संपता संपत नसे. पुढे तो आटत गेला. "कशी आहेस?" "बरी आहे. तू?" "बरा." एवढं झालं की दादाचे डोळे दुसऱ्या कुठल्यातरी स्क्रीनकडे वळायचे आणि धाकटी कॅमेऱ्यासमोर मांजर धरायची. मला त्या मांजराचा राग येऊ लागला होता. शेवटी दादाच एकदा म्हणाला, "आजी, तू गेममध्येच ये ना. आम्ही तिथेच असतो."

त्या दिवाळीला बाबा नाशिकला आले तेव्हा त्यांनी मधल्या खोलीत कॉम्प्युटर मांडला, हेडफोन आणले आणि मला बटणं शिकवली. मी एकच अट घातली. गेममध्ये बोलायचं ते मराठीत. दादा लगेच तयार झाला. "बरंच आहे, बाकीच्या टीमना काही कळणार नाही," म्हणाला.

माझ्यासाठी त्या खेळात तेवढंच होतं. आठवड्यातून एक तास तुमच्या तोंडून मराठी. तो तास बंद पडला असता तर वर्षा-दोन वर्षांत आपण इंग्रजीवर आलो असतो. माझं इंग्रजी चांगलं आहे, मी ते शिकले आणि शिकवलंही. पण तुम्ही दोघं ते ऐकून हसता, कारण ते पुस्तकातलं आहे. त्या इंग्रजीत मला तुमची शिक्षिका होता आलं असतं, आजी नाही.

म्हणून मी त्या घाणीत उतरले. घाण हा शब्द मी विचार करून वापरते आहे.

सूचना वाचल्याशिवाय मी नवा मिक्सरसुद्धा लावत नाही, तेव्हा गेमच्या सूचना मी आधी सगळ्या वाचल्या. त्यात प्रत्येक प्राण्याची माहिती होती. दोन वेगळ्या प्राण्यांना जशीच्या तशी एकच माहिती डकवलेली, आणि त्यातला एक पाला खाणारा असूनही त्याचे दात वस्तऱ्यासारखे असल्याचं त्यात लिहिलेलं. स्पेलिंगच्या चुका तर अशा की शाळेतल्या मुलाने केल्या असत्या तर मी वही परत दिली असती. हे लोकांनी पैसे घेऊन विकलं आहे आणि कुणीही एकदा डोळ्यांखालून घातलेलं नाही.

मग प्राणी पाहिले. माझं माहेर देवळ्याचं. घरी बैल होते, म्हैस होती. जड जनावर पाय टाकतं तेव्हा त्याचा खांदा आधी खाली येतो, माती दबते, आणि मागचा पाय उचलताना सगळं अंग एका बाजूला जातं. लहानपणी गोठ्याशेजारी निजणाऱ्याला हे डोळे मिटूनही कळतं. या गेममधले घराएवढे डायनासोर ओल्या फरशीवर साबणाची वडी सरकावी तसे सरकतात. पाय हलतात, पण जमिनीला लागत नाहीत. शेपूट खडकातून आरपार जाते. नदीवर येऊन पाण्यात तोंड घालतात आणि पाणी जरासुद्धा हलत नाही. पाऊस पडतो तो गुहेच्या आतही पडतो. मी दादाला विचारलं तर म्हणाला, "आजी, ते बघायचं नसतं. तू नेम बघ."

पण बघायचं नाही तर इतकं मोठं जंगल कशाला केलं?

तुमच्या आजोबांना माझी फार मजा वाटायची. सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणाची तरी चेष्टा करायला लागतेच. मी हेडफोन लावून बसले की दारातून विचारायचे, "अगं, कुकरच्या शिट्ट्या झाल्या. तुझं जनावर मेलं असेल तर खिचडी वाढतेस का?"

"मेलं नाही. दगडात अडकलंय."

"मग काढ की त्याला. क्रेन बोलाव."

मी त्यांच्याकडे दुर्लक्ष करी. खरं तर त्यांचं बरोबर होतं. तो तीन शिंगांचा प्राणी अर्ध्या खडकात रुतून तसाच थरथरत होता, आणि आजूबाजूला उभी राहून कोण कुठली मुलं त्याच्यावर गोळ्या झाडत होती, कारण अडकलेल्याला मारलं तरी गुण तेवढेच मिळतात.

मला किळस आली ती रक्ताची नव्हे. रक्त तर त्यात टोमॅटो सॉससारखं दिसतं. किळस आली ती तिथे प्राण्यांना किंवा मारणाऱ्यांना, कुणालाच भीती वाटत नाही याची. आपल्या कॉलनीत बिबट्या शिरला होता तो मी गॅलरीतून पाहिला आहे. खालच्या पार्किंगमध्ये एका स्कूटरमागे बसला होता. कान मागे, पोट जमिनीला टेकलेलं, आणि डोळे सारखे बाहेरची वाट शोधत होते. गच्चीगच्चीवर माणसं मोबाइल उंचावून उभी होती, तरी त्याच्यावर नजर गेली की गप्प व्हायची. वनखात्याच्या लोकांनी त्याला बेशुद्ध करून नेलं तेव्हा आमच्या समोरच्या काकूंनी हात जोडले. जिवंत प्राणी समोर असला की असं होतं. गेममधला प्राणी बंदुकीच्या समोर आपणहून धावत येतो, पडतो, आणि जरा वेळाने गायब होतो. हाडूक नाही, माशी नाही, खायला आलेलं दुसरं जनावर नाही. मारल्यावर एक पुरुषी आवाज इंग्रजीत 'सुंदर' म्हणतो. त्या जंगलात पिल्लू एकही नाही. अंडी आहेत, ती फोडली तर जास्त गुण. धाकटीने पहिल्यांदा अंडी फोडली तेव्हा "आजी, बघ, बघ," करत होती. मी हेडफोन काढला आणि देवापाशी जाऊन उगाच वाती वळत बसले. पुढच्या रविवारी परत आले, कारण तुम्ही तिथेच होतात.

गोळी मारणं मला जमत नव्हतं आणि जमवायचंही नव्हतं, म्हणून दादाने मला दुर्बीण दिली. उंच टेकडीवर बसायचं आणि कुठून काय येतंय ते सांगायचं. हे काम मला आवडलं. "डावीकडे, मोठ्या झाडाच्या अलीकडे," "पाठीमागे एक आहे," असं मी सांगायची आणि तुम्ही मराठीतच विचारायचात, "अलीकडे म्हणजे कुठे?" त्या एका शब्दावर आपली किती मिनिटं गेली आहेत. अलीकडे, पलीकडे, खालच्या अंगाला, तिरपं. हे शब्द व्हिडिओ कॉलवर मी तुम्हाला कधीच शिकवू शकले नसते. धाकटी गोंधळायची, म्हणून दादाने तिला एक नियम पाठ करून दिला होता: आजीने मार म्हटलं की विचार करायचा नाही, मारायचं.

आता त्या दिवसाचं सांगते. त्यात खेळाचा खरा दोष आहे.

या गेममध्ये एकमेकांचा आवाज फक्त जवळ उभ्या असलेल्यांना ऐकू जातो. दादा दूर ओढ्याच्या पलीकडे होता. माझा आवाज त्याच्यापर्यंत पोचत नव्हता. धाकटी आमच्या दोघांच्या मध्ये होती. दादाच्या पाठीमागच्या गवतातून एक मोठा मांसाहारी त्याच्या रोखाने सरकत येताना मला दिसला. मी धाकटीला म्हणाले, "दादाला हाक मार."

त्याच क्षणी कुणीतरी बंदूक चालवली. आणि बंदूक वाजली की हा गेम माणसांचे आवाज दाबतो. मधलं 'हाक' त्यात गेलं. धाकटीला ऐकू आलं, "दादाला मार."

तिने विचार केला नाही.

दादा पडला. आणि या गेमची अक्कल बघा, आपल्याच सोबत्याला मारलं तर त्याने शिकारीचं बक्षीस म्हणून जमवलेल्या प्राण्यांच्या सगळ्या कवट्या मारणाऱ्याला मिळतात. दादाने त्या कितीतरी महिन्यांत जमवल्या होत्या, त्यांचा क्रम लावला होता, मला एकेकीचं नाव सांगितलं होतं. त्या सगळ्या धाकटीच्या नावावर गेल्या आणि तो आवाज म्हणाला, 'सुंदर.'

पडलेल्याला मात्र या गेममध्ये सगळ्यांचं ऐकू येतं आणि त्याचं सगळ्यांना. दादा हेडफोनवर ओरडला, "का मारलंस?"

"आजी म्हणाली."

"आजी, तू म्हणालीस?"

मी काही बोलायच्या आत तो निघून गेला होता. धाकटी बारीक आवाजात म्हणाली, "मला वाटलं, आज दादाची पाळी."

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही. धाकटी एकटी यायची आणि सांगायची, "तो म्हणतो, आजी तुझ्या बाजूची आहे." मी तिच्याकरवी निरोप धाडला. तिने तो इंग्रजीत सांगितला, आणि काय सांगितला कोण जाणे. बाबांना फोन केला तर म्हणाले, "आई, तेरा वर्षांचा आहे तो. थोडे दिवस जाऊ दे." थोडे दिवस जाऊ दिले तर मराठीही जाईल हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही.

गेम काढणाऱ्या कंपनीला मी मेल लिहिला. बंदुकीच्या आवाजाने माणसाचं बोलणं दाबलं जाऊ नये, आणि सोबत्याला मारल्याचं बक्षीस देऊ नये, हे दोन मुद्दे. भाषा सभ्य होती. उत्तर ताबडतोब आलं: प्रिय शिकारी, तुम्हाला मजा येत आहे हे वाचून आम्हाला आनंद झाला. आजोबांनी ते मोठ्याने वाचलं आणि मग आठवडाभर मला त्याच नावाने बोलावत होते. "प्रिय शिकारी, चहा झाला का?"

शेवटी मी बाबांना निक्षून सांगितलं की एकदा फक्त त्याला फोनवर आणा. तो आला. आवाज जरा घोगरा झाला होता.

"आजी, तू म्हणालीस मार."

"मी म्हणाले, हाक मार."

त्याने मग विचारलं, "हाक म्हणजे?"

मला वाटत होतं की तो शब्द गेमने खाल्ला. पण तो दादालाच माहीत नव्हता, मग धाकटीला कुठून असणार. 'मार' तेवढं पक्कं येत होतं, कारण त्या जंगलात तेवढंच लागायचं.

मी म्हणाले, "लांबच्या माणसाला नाव घेऊन बोलवायचं, त्याला हाक मारणं म्हणतात."

"म्हणजे ओरडणं."

"नाही. ओरडतात रागावून. हाक मारली की समोरच्याने ओ द्यायची असते."

"मग त्यात मार कशाला?"

"मराठीत माणसं पुष्कळ काही मारतात. उडी मारतात, फेरी मारतात, गप्पा मारतात, मिठी मारतात."

"आणि कुणी मरत नाही?"

"कुणीच नाही."

आजोबा मागून म्हणाले, "थापा मारतात, ते सांग. आणि डोळा मारतात."

"अहो, तुम्ही आत जा."

"डोळा कसा मारतात?" दादाने विचारलं, आणि तो हसला. मला ते हसणं ऐकू आलं, कारण मध्ये कुठे बंदूक वाजत नव्हती. मग त्याने धाकटीला बोलावलं, इंग्रजीत, आणि तिला मराठीत म्हणाला, "ए, तू मला हाक मारायची होतीस." ती म्हणाली, "तुझ्या कवट्या मी परत देणार नाही." त्यावर दोघांचं बरंच भांडण झालं. अर्ध्याहून अधिक मराठीत होतं. मी मध्ये पडले नाही.

तर दुसरा भाग माझ्यासाठी घेऊ नका. बाबा म्हणतात की त्यात पाण्यावर तरंग उठतात आणि प्राण्यांचे पाय जमिनीला लागतात. लागू देत. अंडी फोडल्याचे गुण अजून तसेच आहेत, हेही त्यांनी विचारल्यावर सांगितलं. तुम्हाला खेळायचा तर खेळा, तुमच्या आईबाबांची परवानगी आहे, मी त्यात बोलणार नाही. माझ्या कॉम्प्युटरवरून पहिला भाग मी काढून टाकला आहे.

रविवारचा कॉल चालू आहे. धाकटी दर वेळी असते, दादा अधूनमधून चुकवतो. तो असतो तेव्हा त्याचं मराठी अडखळतं आणि क्रियापदं चुकतात. पण तो आपणहून मराठीत बोलतो, आणि शब्द अडला तर मला विचारतो.