नकाशातली आजोबांची जागा

आजोबांनी दुकानात जाणं का सोडलं, असं तुम्ही दोघांनी मागे फोनवर विचारलं होतं. काकाने गुडघ्यांचं कारण सांगितलं. गुडघे बरे होते. कारण मी होते, तुमची आई.

आपलं किराणा दुकान काकाने वाढवलं, रॅक आणले, बिलाला संगणक आला. कोणत्या रॅकवरून किती माल जातो ते आता यंत्र सांगायचं. त्यावरून दुकानाची नवी मांडणी ठरवायचं काम मी मागून घेतलं. आयुष्यभर गणित शिकवलं. शाळेतल्या परीक्षांची बैठकव्यवस्था माझ्याकडेच असे. तीन महिन्यांचे आकडे घेऊन आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने नकाशा काढला. तेल-साखर मागच्या भिंतीला, म्हणजे लोक सगळं दुकान ओलांडून जातील. बिस्किटं बिलाच्या टेबलाजवळ. प्रत्येक चौकोनात खप लिहिला.

दाराजवळच्या कोपऱ्यात शून्य आलं. तिथे आजोबा स्टुलावर बसत. शेजारी शेंगाचटणीची बरणी आणि कडक भाकरीचे तुकडे. येणाऱ्याच्या हातावर चटणी लावलेला तुकडा ठेवायचा, हा त्यांच्या वडिलांपासूनचा रिवाज. विणकर बायकांशी तेलुगूत बोलत, अक्कलकोटकडच्यांशी कानडीत. विकत मात्र काहीच नसत.

"इथे थंड पेयांचा फ्रीज मावेल," मी म्हणाले.

"आणि बाबा?" काकाने विचारलं.

"घरी आराम करतील. या वयात दारातली धूळ कशाला?"

आजोबांनी कागद डोळ्यांजवळ धरला. "मला भोपळा दिलात की, बाई!" म्हणून हसले. मग स्टूल उचलून स्वतःच घरी आले. मला वाटलं, पटलं.

घरी ते स्वयंपाकघराच्या दाराशी स्टूल टाकून बसत. आधी पेपर वाचत, पुढे नुसतेच. जेवण कमी झालं. दारात आलेला माणूस गॅसवाला की नातेवाईक, ते कळेना. मी वयाला दोष दिला.

पुढच्या तीन महिन्यांचे आकडे आले. फ्रीज चांगला चालला होता. पण शेंगाचटणीच्या पाकिटांचा खप निम्म्याहून खाली आला होता. मी दुकानात गेले, तर नेहमीची एक विणकर बाई म्हणाली, "मालक कुठं गेले? चव कोण देतंय आता? पाकिटावर जीभ लावून बघू काय?"

तेव्हा उमगलं. चव आजोबा दारात देत, पाकीट आतल्या रॅकवरून उचललं जाई, आणि खप त्या रॅकच्या चौकोनात पडे. आठवीतल्या मुलाने अशी चूक केली असती तर मी गुण कापले असते.

फ्रीज हलवायला लावला. स्टूल, बरणी घेऊन आजोबांना रिक्षाने दुकानात नेलं. तीच बाई आली, तेलुगूत काही बोलली. त्यांनी भाकरीचा तुकडा उचलला. त्याला चटणी लावायची, हे त्यांना आठवेना. तुकडा हातात धरून ते माझ्याकडे बघत राहिले. शेवटी बाईनेच तो त्यांच्या हातातून घेतला, कोरडाच खाल्ला.

"लई भारी झालंय, मालक," ती म्हणाली.

ते तिच्याकडे बघेनात. "घरी चल," मला म्हणाले.

पुन्हा ते दुकानात गेले नाहीत. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही याल तेव्हा दाराजवळचा कोपरा मोकळा दिसेल. तो तसा का ठेवलाय, ते काकाला विचारू नका. मला विचारा.