पावणेपाच औंस

"साहेब, दवाखान्याचा काटा खोटा हाय," असे म्हणून हिराजी कोळी माझ्या टेबलासमोर उभा राहिला. मी तेव्हा वजनमापे खात्यात इन्स्पेक्टर होतो. रेवदंड्याच्या धर्मशाळेत वार्षिक तपासणीचा कॅम्प लागला होता आणि व्यापाऱ्यांची वजने तपासून मी त्यांवर शिक्के मारत होतो. किलोग्रॅम अजून आले नव्हते. सरकारी काम पौंड-औंसांत चाले.

"काय झाले?" मी विचारले.

"दीपगृहाच्या नोकरीसाठी डॉक्टरांनी वजन घेतलं. एकशे धा पौंड पायजे. काटा पाव कमी दाखवतो. एकशे नऊ नि पाऊण. सकाळीच सुकटीच्या वखारीत तराजूत बसलो व्हतो. पुरं एकशे धा भरलं."

"मग बाहेर जाऊन पाणी पिऊन यायचे."

"ते म्हनले, वजन एकदाच."

त्याची आई मागे उभी होती. ती म्हणाली, "याचा बा नि थोरला भाव एकाच होडीतून गेलं, साहेब. ह्यो एकच उरलाय. याला दर्या नको. आनि औंदा न्हाय झालं तर वय सरतंय."

दवाखान्याच्या काट्यावर माझा शिक्का होता. मी तेवढेच पाहिले.

"तो काटा मी स्वतः पास केला आहे. तो चुकत नाही. या आता."

"वखारीच्या वजनांवर बी तुमचाच शिक्का हाय," हिराजी म्हणाला. मी पुढच्या माणसाला हाक मारली. त्यांच्या मागे रांग होती. दोघे निघून गेली.

जेवायला बसलो तेव्हा त्याचे वाक्य पुन्हा आठवले. दोन्ही शिक्के माझे. दोन आकडे कसे? वखारीत तराजू होता, दवाखान्यात स्प्रिंगचा काटा. त्यावर माणूस उभा राहिला की स्प्रिंग दबते आणि सुई सरकते. तो काटा लंडनचा होता. तिथेच जुळवल्याचे प्रमाणपत्र त्याच्या पाठीवर चिकटवलेले होते. गेल्या वर्षी ते वाचून मला समाधान वाटले होते.

येथे थोडे समजावून सांगणे भाग आहे. पृथ्वी पूर्ण गोल नाही. ती स्वतःभोवती फिरते, त्यामुळे विषुववृत्तापाशी तिचे पोट फुगलेले आहे आणि ध्रुवांपाशी ती चपटी आहे. रेवदंडा लंडनपेक्षा त्या पोटाच्या बराच जवळ. म्हणून इथला माणूस पृथ्वीच्या केंद्रापासून किंचित अधिक दूर असतो. शिवाय फिरण्याचा वेगही इथे अधिक. गोफणीतला दगड बाहेर पडू पाहतो, तसा इथला माणूस कणभर उचलला जातो. दोन्ही मिळून पृथ्वीची ओढ कमी पडते. तराजूला हा फरक कळत नाही, कारण एका पारड्यातला माणूस आणि दुसऱ्यातली वजने सारखीच हलकी होतात. स्प्रिंगला दुसरे पारडे नसते. लंडनला जुळवलेली स्प्रिंग आमच्या किनाऱ्यावर प्रत्येक माणसाचे वजन कमी दाखवते.

हे मला परीक्षेसाठी पाठ होते. तरी मी काटा पास केला, याचे कारण साधे होते. वजनांचा पूर्ण संच गावोगाव वाहून नेणे जिकिरीचे, म्हणून आम्ही सगळेच अठ्ठावीस पौंडांपर्यंतची वजने बरोबर ठेवत असू. अठ्ठावीस पौंडांवर ही चूक जेमतेम सव्वा औंसाची. त्या काट्याच्या पट्टीवरचे एक घर चार औंसांचे, म्हणजे पाव पौंडाचे. एवढीशी चूक सुईच्या जाडीखाली झाकली जाते.

जेवण तसेच टाकून मी वखारीतून मोठी वजने मागवली आणि बैलगाडीत घालून दवाखान्यात नेली. डॉक्टर पास झालेल्यांची यादी घेऊन तीनच्या लाँचने गेले होते. कंपाउंडरने काटा उघडून दिला. छप्पन्न, अठ्ठावीस, चौदा, सात, चार, एक. बेरीज एकशे दहा. सुई एकशे नऊ आणि पाऊणच्याही जराशी खाली थांबली. गणिताने चूक पावणेपाच औंस यायला हवी होती. तेवढीच आली.

कंपाउंडर म्हणाला, "म्हणजे पोरगा भरत होता?"

"होय."

दुसऱ्या दिवशी सकाळी अलिबागला जाऊन मी वरिष्ठांपुढे लेखी रिपोर्ट ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"वर्तक, तुम्हीच लिहिता की इथे ओढ कमी आहे. मग काटा खरेच बोलला. माणूस हलका आहे."

"साहेब, नियमातला पौंड तराजूचा आहे. माणसात माल तेवढाच आहे."

"आणि हे मी भरतीवाल्यांना काय म्हणून कळवू? पृथ्वीचे पोट सुटले आहे म्हणून?" ते हसले. मग रिपोर्ट खाली ठेवला. "काट्यावर शिक्का कोणाचा?"

"माझा."

"म्हणजे तुमच्यावर मेमो येईल."

"येऊ द्या. पण पत्र आज जाऊ द्या."

पत्र गेले नाही. आधी काट्याची चौकशी, मग शिक्क्याची, मग पत्र, असा क्रम ठरला. तीन आठवड्यांनी उत्तर आले: जागा भरल्या आहेत, उमेदवाराने पुढील भरतीत अर्ज करावा. पुढच्या भरतीत त्याचे वय बसत नव्हते, हे अर्जावरच लिहिलेले होते.

ते उत्तर घेऊन मी रेवदंड्याला गेलो. हिराजी किनाऱ्यावर जाळे विणत होता. तांडेलाने, म्हणजे होडीच्या मुख्याने, त्याला पुन्हा होडीवर घेतले होते. मी सर्व सांगितले. त्याने हात थांबवला नाही.

"म्हंजे मी भरत व्हतो."

"होय."

आई म्हणाली, "आमी आलो तवाच तुमी उठला असता तर?"

डॉक्टर तीनपर्यंत गावातच होते. दवाखाना धर्मशाळेपासून फर्लांगभर.

काटा मुंबईला गेला आणि पंधरा दिवसांत जुळून परत आला. मला मेमो मिळाला; तो रास्त होता. त्यानंतर मी सात वर्षे त्या गावी तपासणीला जात होतो. हिराजी दिसे. ओळख दाखवत नसे. आई वाटेत आली तर पदर सावरून बाजूला होई.

काटा जिथे वापरायचा तिथेच तपासावा आणि जेवढे वजन त्यावर चढणार आहे तेवढे चढवून तपासावा. हे नियमपुस्तकात पूर्वीपासून छापलेले होते.