कापलेल्या शेतातलं विमान

पेडण्याच्या बाजारात माझं शिवणाचं दुकान आहे. एक मशीन, कापड कापायचं मेज, एक कपाट आणि रस्त्याच्या बाजूला उघडणारं जनेल. ब्लाऊज, शाळेचे गणवेश, पडदे, कधी हरमलच्या खोल्या भाड्याने देणाऱ्यांच्या उशांचे अभ्रे, असं माझं काम. दोन वर्षांपूर्वी, पाऊस सरता सरता, एक उंच, पांढऱ्या केसांचे गृहस्थ दुकानात आले आणि म्हणाले, "मला एक बाही शिवून हवी. एकच."

"एका हाताची?" मी विचारलं.

"हाताची नाही हो. वाऱ्याची."

त्यांनी कागदावर काढून दाखवलं. एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळती, दोन्हीकडून उघडी. रुंद तोंडाला तारेचं कडं. ही बाही उंच काठीला बांधली की वारा कुठून येतो आणि किती आहे ते लांबूनही कळतं. गृहस्थ वास्कोचे. जन्मभर गोदीत जहाजांची इंजिनं दुरुस्त केलेली, आता पेडण्याला मुलीकडे राहायला आलेले. मी नारिंगी अस्तराच्या कापडाची बाही शिवून दिली. ती घ्यायला आले तेव्हा त्यांच्या काखेत जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबडं होतं. त्याला पिशवी शिवायची होती. चादर सोडली तर आत विमानाचा पंख. मी दोन्ही हात पसरले तर होईल एवढा लांब, आणि वजन मात्र पावाच्या दोन उंड्यांएवढं.

"हे उडतं?"

"उडतं. पण इथे नाही उडवता येत. मोपाचा विमानतळ जवळ. सरकारी नकाशात आपण लाल रंगात आहोत. तिथे खेळण्याचंही विमान वर न्यायचं नाही, आणि ते बरोबरच आहे. एखादी मोकळी जागा शोधतोय, लांबची."

माझ्या तोंडून निघून गेलं, "माझं माहेर डिचोलीकडे आहे. भावाचं शेत दिवाळीनंतर मोकळंच असतं."

हे मी का बोलले ते मला आजही नीट सांगता येत नाही. पंख हातात होता, एवढंच आठवतं.

माहेर म्हणायला तेवढंच उरलं होतं. आई गेल्यापासून मी गणपतीच्या चवथीला जायची आणि दादा भाऊबीजेला माझ्याकडे यायचा. तो माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. खाणीवर पोकलेन चालवायचा. खाण बंद झाली तसा शेत आणि चार काजूंची झाडं बघत घरी बसला. मुळातच कमी बोलणारा, त्यात वहिनी त्याच्या वाटचंही बोलणारी, म्हणून आम्हा दोघांना एकमेकांशी बोलायची सवयच राहिली नव्हती. भांडण असं कधी झालं नाही. फोन केला तेव्हा त्याने आधी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही रे. शेत कापून झालं?"

"झालं. का?"

मी कारण सांगितलं. तो म्हणाला, "ये. पण सकाळी लवकर ये, मागाहून वारा सुटतो." वाऱ्याचं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. शेतात राहणाऱ्या माणसाला ते ठाऊक असतं.

रविवारी काकांच्या गाडीतून आम्ही गेलो. एव्हाना मी त्यांना काका म्हणायला लागले होते. दादा बांधावर हाताची घडी घालून उभा. काकांनी काठी रोवली, बाही फुगली आणि पूर्वेकडे वळली. मग त्यांनी पंख धडावर बसवला, रबरांनी बांधला, विमान वळवणारी एकेक पट्टी हलवून पाहिली. मला विमान धरून वाऱ्याच्या तोंडाला उभं केलं. "पळू नका. नुसतं सरळ पुढे सोडा, देवळात दिवा ठेवल्यासारखं."

मी सोडलं. हातातून काहीतरी ओढून घेतल्यासारखं ते गेलं, माडांच्या वर गेलं, वळलं.

थोड्या वेळाने काकांनी दुसरा रिमोट माझ्या हातात दिला. दोन्ही रिमोट एकमेकांना जोडलेले असतात. त्यांनी बटण दाबून धरलं की विमान माझं, सोडलं की पुन्हा त्यांचं. माझ्या हाती आल्यावर ते नीट सहा-सात सेकंद उडालं असेल. मग मी वळवायला गेले तर नाक खाली घालून जमिनीकडे धावलं आणि काकांनी बटण सोडून ते सावरलं. असं पाच-सहा वेळा झालं. दादा लांबून म्हणाला, "बाय, पन्नाशी आली तुझी."

"आली तर आली," मी म्हटलं.

परत येताना मी काकांना विचारलं, विमान करायला किती दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी विमानाचा नकाशा आणून दिला. आठ-दहा कागद जोडून केलेला. मेजावर पसरला आणि मला हसूच आलं. हे तर ब्लाऊजचं पेपर कटिंग. इथे कापायचं, इथे अर्ध्यापर्यंतच चिरायचं, इथे दुमडायचं. कापडाऐवजी दोन्ही बाजूंना कागद असलेला फोमचा बोर्ड, आणि टाक्यांऐवजी गरम गोंद. पंखाला वरून बाक द्यायचा होता. बाहीचा मुंढा बसवताना जसं कापड हाताने फिरवत आणतात तसा तो बोर्ड मी मेजाच्या कडेवरून फिरवत आणला. काका बघत राहिले. "मी पहिल्यांदा केला तेव्हा तीन मोडले होते," ते म्हणाले.

आमच्याकडे दुपारी बाजार बंद असतो. त्या वेळात मी विमान करायची. एका बाईने जनेलातून डोकावून विचारलं की हे कुणाच्या मुलाचं. मी म्हटलं, माझं. तिला वाटलं मी थट्टा करते. नवऱ्याने तिसऱ्या दिवशी जेवताना विचारलं, "ह्यात इंजिन कुठून येणार?" मग मोटर, बॅटरी आणि पट्ट्या हलवणाऱ्या इवल्या मोटरी टपालाने मागवायचं काम त्यानेच केलं.

विमान देखणं झालं होतं. मला ते देखणं करायचंच होतं. शेपटीवर मी लाल टेपच्या पट्ट्या मारल्या, दोन थर, वर पिवळी नक्षी. शेतावर काकांनी पंखाखाली दोन बोटं लावून ते उचललं आणि शेपूट खाली गेली.

"मागे जड आहे. नाकात वजन घालू या, नाहीतर टेप काढा."

नाकात घालायला आणलेला शिशाचा तुकडा पुरला नाही. टेप काढायला माझं मन होईना. "थोडंच तर जड आहे," मी म्हटलं. काका म्हणाले, "विमान तुमचं." त्यांनी स्वतः रिमोट घेतला. विमान हातातून सुटलं, नाक वर करून उभं राहिलं, क्षणभर तिथेच थांबलं आणि मग कापलेल्या भातात उलटं येऊन पडलं. नाक चेपलं, पंख मधोमध मोडला.

मी बांधावर बसून राहिले. दादा चालत गेला, तुकडे गोळा केले, एकेक पुसून माझ्या शेजारी ठेवला. मग काकांकडे वळून म्हणाला, "तुमचं ते जरा देता?"

काकांनी आपलं जुनं विमान वर नेलं आणि दुसरा रिमोट त्याच्याकडे दिला. दादाने दोन्ही दांड्या अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरल्या. काकांनी बटण दाबलं. विमान सरळ गेलं. त्याने ते डावीकडे घेतलं, गोल फिरवून आणलं, पुन्हा घेतलं. काकांनी बटण सोडलंच नाही.

"आधी उडवलं आहे?"

"नाही. पोकलेनला अशाच दोन दांड्या असतात. जोर लावायचा नसतो. लावला तर बकेट हिसका देते." एवढं लांबलचक बोलणं मी त्याच्या तोंडून कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. वहिनी शेताला लागूनच्या घराच्या दारात येऊन बघत उभी होती.

आनंद व्हायला हवा होता, आणि मला राग आला. हे सगळं मी सुरू केलं, मी शिकते, मी बनवलं, आणि हा आयता येऊन उडवतो. परतीच्या वाटेवर अस्नोडा येईपर्यंत मी मोडका पंख मांडीवर घेऊन बाहेर बघत बसले. मग काका म्हणाले, "त्याने पंख करून दाखवावा." मला हसू आलं, पण राग काही लगेच गेला नाही.

टेप काढली. नवं नाक केलं, नवा पंख केला, तो तोलून पाहिला. पण माझी खरी अडचण दुसरीच होती. विमान माझ्यापासून दूर जात असेल तर ठीक. ते माझ्याकडे यायला लागलं की त्याचं डावं माझं उजवं होतं, आणि माझे हात हटकून उलटीकडे जात. दादाला विचारलं तर म्हणाला, "मी मशीनमध्ये बसलोय असं समजतो." मी कधी मशीनमध्ये बसले नव्हते.

एका दुपारी ब्लाऊज उसवत होते. उलट बाजू वर होती. डाव्या बाहीला हात घातला, तर ती उजवीकडे. माझ्या हाताला ते ठाऊकच होतं, कधी विचार करावा लागला नव्हता. मी कातर खाली ठेवली आणि ब्लाऊज सुलट-उलट, सुलट-उलट करून बघत राहिले. विमान माझ्याकडे येतं तेव्हा ती उलट बाजू असते, एवढंच. पुढच्या रविवारपासून विमान वळून माझ्याकडे तोंड करून आलं की मी मनात म्हणायची, उलट बाजू. हात चुकेनासे झाले. एकदम नाही, पण तीन-चार रविवारांत झाले. त्या दिवसांत दादा शनिवारी संध्याकाळी स्वतःहून फोन करायला लागला होता. उद्या धुकं असेल, जरा उशिरा निघा. किंवा शेजारच्या तुकड्यात अळसांदे, म्हणजे चवळी, पेरलेत, तिकडे उतरवू नका.

मी एकटीने पहिल्यांदा उडवलं तेव्हा ते नेमकं अळसांद्यांत उतरवलं. वर सगळं नीट झालं होतं, चार फेऱ्या, दोन्हीकडून वळणं. उतरताना अंदाज चुकला आणि विमान बांध ओलांडून हिरव्या वेलींत जाऊन बसलं. शेताची मालकीण, सत्तरीची बाई, कोयती हातात घेऊन उभी होती. मी धावत जाऊन माफी मागितली.

"ते तू चालवत होतीस?" तिने विचारलं.

"हो."

"मला वाटलं तुझा भाऊ." ती वाकली, एक मोडलेली वेल बाजूला केली आणि विमान दोन्ही हातांनी उचलून मला दिलं. "हलकं आहे गो," ती म्हणाली. मग तिने शेंगा मोडल्या आणि मूठभर माझ्या ओटीत घातल्या.

गेल्या फेब्रुवारीत काकांच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं. त्याआधी ते आपलं जुनं विमान, रिमोट आणि बॅटऱ्यांची पेटी घेऊन माझ्या दुकानात आले. "पडून राहिलं की ह्याची हाडं आखडतात," ते म्हणाले. "तोवर तुम्ही उडवा."

"दादाला द्या ना. त्याचा हात जास्त चांगला."

"त्याचा हात चांगला आहे. तुम्ही तोलून बघता."

डॉक्टरांनी बाहेर जायला परवानगी दिल्यावर ते पहिल्याच रविवारी आमच्याबरोबर आले. काळा चष्मा, डोक्यावर टोपी. वर बघायचं नाही अशी मुलीची सक्त ताकीद. दादाने त्यांना बसायला आंब्याखाली घरातलं कदेल मांडलं. मी दोन बोटांवर विमान तोललं, पट्ट्या हलवून पाहिल्या. दादाने वाऱ्यात सोडलं. काका मान खाली घालून ऐकत होते.

"कुठे आहे?"

"नदीच्या बाजूला. डावीकडे वळवते आहे."

"उंच?"

"माडाच्या दुप्पट असेल."

"वाऱ्यात जातंय ना आता? आवाज बदलला."

"वाऱ्यातच," दादा म्हणाला.

मी आणखी दोन फेऱ्या घेतल्या. प्रत्येक वळण त्यांना सांगत होते आणि सांगताना माझे हात आपले आपण चालत होते. मग मोटर कमी केली, विमान शेताच्या टोकाकडून खाली आणलं, आणि ते भाताच्या खुंटांवरून खरखरत जाऊन थांबलं.

"उतरलं," मी म्हटलं.

"ऐकलं मी," काका म्हणाले. "बॅटरी बदला आणि पुन्हा न्या."